चाळीस लिटर उकळा, एक लिटर मिळवा

एके काळी म्हणे मेपलच्या झाडातून थेट दाट गोड पाकच गळायचा. फांदी मोडायची, तोंड उघडून खाली आडवं व्हायचं, पोट भरलं की कूस बदलायची. शेतं ओस पडली, चुली विझल्या, मासेमारीची जाळी वाळून गेली. उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांभोवती राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांच्या गोष्टीत नानाबोझो हा लोककथांतला नायक गावात येतो, हा सगळा आळस पाहतो आणि झाडांमध्ये बादल्यांमागून बादल्या पाणी ओततो. तेव्हापासून मेपलमधून येतं ते जवळजवळ पाणीच. पाक हवा असेल तर लाकडं फोडा, आग पेटवा, ढवळत बसा. तेही वर्षातून एकदाच, हिवाळा सरता सरता.

मेपल सिरप या पदार्थाबद्दल मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल, तर हेच. झाडात चव नसते. ताजा रस चाखला तर पाणी प्यायल्यासारखंच वाटतं, घोट संपल्यावर जिभेवर जरा गोडसर काहीतरी रेंगाळतं, एवढंच. तो सोनेरी रंग, तो खरपूस दरवळ, सगळं चुलीवर तयार होतं. म्हणून पहिल्यांदा करून पाहणाऱ्याला एक झाड, एक बादली आणि एक मोकळा दिवस पुरतो.

शहाऐंशीला भागा

नानाबोझोनं किती पाणी ओतलं, याचा हिशेब आज मांडता येतो. साखरी मेपलच्या रसात साखर असते साधारण 2 टक्के. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातले रसायनशास्त्रज्ञ सी. एच. जोन्स यांनी सोपं सूत्र देऊन ठेवलंय: 86 ला रसातल्या साखरेच्या टक्केवारीनं भागा, म्हणजे एक लिटर सिरपला किती लिटर रस लागेल ते कळतं. 2 टक्के असेल तर 43 लिटर. 3 टक्क्यांचं एखादं दानशूर झाड भेटलं तर 29 लिटरच्या आतच काम होतं. बोलताना सगळे सरसकट ‘चाळीसाला एक’ म्हणतात.

कोल्हापूरच्या गुऱ्हाळाशी ताडून पाहा. उसाच्या रसात साखर 15 ते 20 टक्क्यांच्या घरात, त्यामुळे चार-पाच लिटर रसात लिटरभर काकवी हाती येते. मेपलवाल्याला त्याच गोडीसाठी आठ-दहा पट रस आटवावा लागतो. गोव्यात रेंदेर माडाची सूर काढून त्याचा गूळ करतात, तीही झाडाचीच देणगी, पण ती सूरसुद्धा मेपलच्या रसापेक्षा कितीतरी गोड. गोड रसांच्या पंगतीत मेपल जवळजवळ शेवटच्या पाटावर बसतं.

रात्री गोठतं, दिवसा गळतं

रस कधी वाहतो? रात्री तापमान शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या चार-पाच अंश वर गेलं की. दोन्ही हवं. सलग थंडी पडली तर थेंब नाही, सलग ऊब आली तरी धार आटते. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, मिळून चार ते सहा आठवडे हा खेळ चालतो. व्हरमाँटमध्ये जुना ठोकताळा असा की मार्चच्या पहिल्या मंगळवारी, गावसभेच्या दिवशी, झाडांना तोट्या लावायच्या. आपल्याकडे होळीची लाकडं जमवायला लागतात, साधारण तेच दिवस.

यामागची यंत्रणा फार देखणी आहे. बहुतेक झाडांच्या लाकडातले तंतू पाण्यानं भरलेले असतात. मेपलमध्ये ते वायूनं भरलेले असतात. रात्री गारठा पडला की हा वायू आकसतो, काही विरघळतो, काही बर्फात अडकतो, आणि झाड मुळांतून पाणी वर ओढून घेतं. सकाळी ऊन लागलं की बर्फ वितळतो, वायू फुगतो, आतला दाब वाढतो आणि जिथे वाट मिळेल तिथून रस बाहेर येतो. आणि साखर? ती गेल्या उन्हाळ्यात पानांनी बनवलेली. पिठूळ स्टार्च होऊन ती लाकडात साठून राहते आणि थंडीत पुन्हा साखर बनते. म्हणजे मार्चमध्ये बादलीत पडणारा थेंब हा मागच्या जुलैचा सूर्यप्रकाश असतो.

खारीला हे आधीच ठाऊक होतं

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या तांबड्या खारी साखरी मेपलची साल चावतात आणि निघून जातात. रस ओघळतो, उन्हावाऱ्यानं त्यातलं पाणी उडून जातं, सालीवर गोड पापुद्रा उरतो. मग खार परत येते आणि तो चाटते. बर्न्ड हाइनरिक या जीवशास्त्रज्ञानं 1992 मध्ये ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. चूल नाही, भांडं नाही, तरी पाणी आटवण्याचं तत्त्व तेच.

रिबीन बांधा ऑक्टोबरात

नवशिक्याची पहिली चूक हिवाळ्यात होते: पानंच नसतात, मग झाड ओळखायचं कसं? म्हणून शहाणी माणसं शरदातच, पानं अंगावर असताना, झाडाला रिबीन बांधून ठेवतात. पान ओळखणं अवघड नाही, 15 फेब्रुवारी 1965 पासून कॅनडाच्या झेंड्यावर त्याचंच रेखाटन फडकतंय. साखरी मेपल सगळ्यात गोड, पण तांबड्या आणि रुपेरी मेपलचा रसही चालतो, फक्त तो थोडा जास्त आटवावा लागतो. बर्चच्या झाडाचंही सिरप होतं, पण तिथे शंभराला एक असा भाव. त्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका.

झाडाचा बुंधा निदान 30 सेंटीमीटर जाड हवा. एवढं व्हायला साखरी मेपलला सुमारे 40 वर्षं लागतात, तेव्हा ड्रिल हातात घेताना जरा आदबीनं. भोक 8 मिलिमीटर रुंद, चार-पाच सेंटीमीटर खोल, आणि आत जाताना किंचित वर चढतं, म्हणजे रस आपोआप बाहेर उतरतो. ड्रिलला चिकटून आलेला भुसा नीट बघा. फिकट, सायीच्या रंगाचा असेल तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी निघाला तर तिथून काही मिळणार नाही. मग तोटी हळू ठोकायची. तोटी बरोबर बसली की हातोडीचा आवाज बदलतो, ठक ठकचं ठप्प होतं. तिथे थांबायचं, आणखी एक घाव घातला तर लाकूड चिरतं. दक्षिणेकडच्या बाजूला ऊन आधी पोचतं, तिथली तोटी आधी बोलू लागते.

एका तोटीतून पूर्ण हंगामात साधारण 40 लिटर रस मिळतो. म्हणजे एक झाड, एक तोटी, एक लिटर सिरप. पहिल्या वर्षी तीन-चार तोट्या पुष्कळ झाल्या. झाडाला त्रास होतो का? जपून काढलं तर त्याच्या साठ्यातली दहावा हिस्सासुद्धा साखर जात नाही. हंगाम संपला की तोटी काढून घ्यायची, भोक बुजवायला काही कोंबायचं नाही. झाड आतून ती जखम वेढून बंद करतं, बाहेरून नवं लाकूड चढतं. पुढच्या वर्षीचं भोक मात्र जुन्यापासून दूर हवं, कारण जुन्याच्या वर-खाली लाकडाचा डागाळलेला पट्टा असतो आणि त्यातून रस वाहत नाही.

दुधासारखा जपा

रस दुधासारखा नासतो. उन्हात ठेवला तर दोन दिवसांत गढूळ आणि आंबूस. अंगणातल्या बर्फाच्या ढिगात भांडी पुरून ठेवणं हा बिनखर्चाचा फ्रिज. भांडी स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकची हवीत. जुन्या बाजारात मिळणाऱ्या जस्ताच्या मुलाम्याच्या सुंदर बादल्या भिंतीवर टांगाव्यात, रसासाठी नकोत. त्यांच्या डागकामात शिसं असू शकतं आणि ते रसात उतरतं.

रात्री बादलीवर बर्फाची खापरी धरली असेल तर आनंद माना आणि ती काढून फेका. गोठतं ते मुख्यतः पाणी, गोडी खाली उरलेल्या रसात राहते. अग्नी पेटवण्याआधीच थोडं आटवण झालं! उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजांना ही युक्ती युरोपियन येण्याच्या फार आधीपासून माहीत होती. ते बर्चच्या सालीच्या द्रोणांत रस गोळा करायचे आणि बहुतेक वेळा सिरपवर न थांबता थेट साखरच करायचे, कारण साखर टिकते, पाठीवर नेता येते. अनिशिनाबे भाषेत या मोसमातल्या महिन्याचं नावच रस उकळण्यावरून पडलंय.

स्वयंपाकघर वाचवा

आता सगळ्यात कळकळीची सूचना: रस घरात उकळू नका. एक लिटर सिरपसाठी जवळपास 39 लिटर पाण्याची वाफ करायची आहे. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा व्यापते. हिशेब केला तर 66 घनमीटर वाफ होते. दहा बाय दहाची, दहा फूट उंच स्वयंपाकघरं दोन गच्च भरून वर उरेल एवढी. ती भिंतींवर, कपाटांवर, छतावर पाणी होऊन बसते. वॉलपेपर सोलून खाली आल्याच्या कहाण्या मेपलच्या मुलखात घरोघरी ऐकू येतात. साखर काढायच्या लाकडी खोपट्यांच्या छपरावर जो उघडा मनोरा असतो तो शोभेचा नाही, वाफ सोडायचा आहे.

इंधनाचाही अंदाज घ्या. 40 लिटर रस तापवून त्यातलं पाणी उडवायला सुमारे 100 मेगाज्यूल उष्णता लागते. शेगडीवर वाया जाणारी उष्णता धरली तर आपल्या 14.2 किलोच्या सिलिंडरचा पाव ते तिसरा हिस्सा, एका लिटर सिरपपायी! म्हणून अंगणात विटा किंवा सिमेंटचे ठोकळे रचून त्यावर रुंद, उथळ स्टीलचं भांडं ठेवायचं आणि खाली लाकडं लावायची. बुफेत गरम जेवण ठेवतात तसले चौकोनी स्टीलचे ट्रे यासाठी सगळे वापरतात. उंच पातेल्यात आयुष्य जाईल. गुऱ्हाळातली काहील एवढी पसरट का असते, त्याचं उत्तर इथेही तेच: वाफ पृष्ठभागावरून उडते, मग पृष्ठभाग वाढवा.

रस भांड्यात बोटभर तरी खोल राहायला हवा, नाहीतर तळ लागतो. आटेल तसा नवा रस घालत जायचा. तो एकदम गार ओतला तर उकळी मरते, म्हणून शेजारी दुसऱ्या भांड्यात कोमट करून ठेवलेला बरा. सकाळी सुरू केलं की संध्याकाळ होते. मधल्या वेळात याच उकळत्या रसात चहापत्ती टाकून पाहा. साखर घालावी लागत नाही, आणि थंडीत आगीपुढे उभं राहून प्यायचा तो चहा या सगळ्या उद्योगाचं पहिलं बक्षीस असतो.

लोण्याचा एक थेंब

उकळताना फेस येतो आणि पाहता पाहता काठावरून उतू जायला निघतो. त्यावर उतारा: लोण्याचा वाटाण्याएवढा गोळा, किंवा सायीचा एक थेंब. फेस जादूनं खाली बसतो, कारण स्निग्धांश बुडबुड्यांचा पडदा फोडतो. जुने लोक भांड्याच्या वर दोरीला डुकराच्या चरबीचा तुकडा लटकवून ठेवत. फेस वर आला, चरबीला शिवला, की परत फिरला. गुऱ्हाळात गुळव्या उतू जाणाऱ्या काहिलीत तेलाचा शिपका मारतो तोही याच कारणानं. हजारो मैलांवरच्या दोन चुलींवर माणसांनी एकच इलाज शोधला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पाण्यापेक्षा चार अंश जास्त

तीन-चार लिटर उरले की भांडं खाली उतरवा आणि शेवटचा टप्पा घरातल्या शेगडीवर, थर्मामीटर हातात घेऊन करा. इथे फोनवर बोलायचं नाही. दिवसभर सावकाश चाललेला पदार्थ शेवटच्या काही मिनिटांत धावायला लागतो, आणि एक क्षण नजर हटली की चाळीस लिटरांचा कोळसा.

सिरप तयार होतं पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा सुमारे 4 अंश सेल्सिअस वर, म्हणजे समुद्रसपाटीला 104 वर. पण हवेचा दाब रोज बदलतो आणि त्यासोबत उत्कलनबिंदूही सरकतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरनं आधी साधं पाणी उकळून आकडा पाहा आणि त्यात 4 मिळवा. गंमत म्हणजे आपली काकवीसुद्धा याच तापमानाच्या आसपास उतरवतात. साखरेचं प्रमाण 66 टक्क्यांहून कमी राहिलं तर सिरपवर बुरशी येते, फार पुढे गेलं तर बाटलीच्या तळाशी खडे जमतात. थर्मामीटर नसेल तर चमचा: बुडवून आडवा धरा. थेंब थेंब पडत असेल तर अजून वेळ आहे. कडेवर पडद्यासारखं लोंबून मग सुटलं, की झालं.

तयार सिरपमध्ये बारीक वाळूसारखा गाळ दिसेल. घाबरू नका, तो झाडातल्याच खनिजांचा आहे, मुख्यतः कॅल्शियम मॅलेट. लोकरीच्या जाड गाळणीतून गरम असतानाच गाळा, गार झालं की एक थेंब खाली उतरणार नाही. बाटल्यांत भरताना ते निदान 82 अंशांवर हवं. भरलेली बाटली हातात घेतली की वजन जाणवतं: एक लिटर सिरप 1.3 किलोहून जास्त भरतं.

बेडूक ओरडले, तोट्या उतरवा

हंगामाच्या सुरुवातीचं सिरप फिकट सोनेरी, शेवटाकडचं कॉफीसारखं गडद. माणूस तोच, चूल तीच. ऊब वाढते तसे रसात सूक्ष्मजीव वाढतात, ते साखरेचे साधे तुकडे करतात आणि असे तुकडे उकळताना जास्त तांबूस होतात. पूर्वी गडद सिरपला खालचा दर्जा देत. गेल्या दशकात अमेरिका आणि कॅनडानं वर्गवारी बदलली, आता सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद अशी चार नावं आहेत आणि चारही मानाची. माझं मत गडद सिरपला, त्याची चव पदार्थात हरवत नाही. अनेक सिरपवाले दर खेपेची एक छोटी बाटली खिडकीत ओळीनं मांडतात. ऊन आलं की हंगामाची सगळी हकिगत काचेतून वाचता येते.

डबक्यांत छोटे बेडूक ओरडू लागले की शेवट जवळ आला. कळ्या फुटायला लागल्या की रसाला एक उग्र, नकोशी चव येते, ती उकळूनही जात नाही. तेव्हा थांबायचं.

मेथीची चुगली

2005 च्या शरदात न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये लोक प्रशासनाला फोन करू लागले: शहराला मेपल सिरपचा वास येतोय! काहींना तो रासायनिक हल्ला वाटला. वास यायचा, जायचा, पुन्हा यायचा. अखेर फेब्रुवारी 2009 मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी पत्रकार परिषद घेऊन गुन्हेगार जाहीर केला. नदीपलीकडे न्यू जर्सीत सुगंधी द्रव्यांचा कारखाना होता आणि तिथे चाललं होतं मेथीदाण्यांवर काम. वाऱ्याची दिशा जुळली की मॅनहॅटन दरवळायचं.

सोटोलॉन नावाचं संयुग मेथीतही असतं आणि मेपल सिरपमध्येही. नकली मेपलचा स्वाद बनवायलाही मेथी वापरतात. दुकानात ‘पॅनकेक सिरप’ लिहिलेली स्वस्त बाटली म्हणजे बहुतेकदा मक्याचं सिरप आणि असला स्वाद. बाळाच्या लघवीला मेपल सिरपचा वास येतो अशा एका गंभीर आनुवंशिक आजाराचं नावच या वासावरून पडलंय. आणि आईनं मेथी घेतल्यामुळे निरोगी बाळालाही तसाच वास येऊन डॉक्टरांची धांदल उडाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. बाळंतिणीला मेथीचे लाडू घालणाऱ्या घरांतल्या मंडळींनी परदेशातल्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं.

पिंपांतली चोरी, अध्यक्षांची झाडं

जगातलं सत्तरएक टक्के मेपल सिरप कॅनडाच्या एकट्या क्विबेक प्रांतातून येतं. तिथल्या उत्पादकांच्या संघटनेनं 2000 मध्ये राखीव साठा सुरू केला, दुष्काळासाठी धान्याचं पेव असावं तसा. 2012 मध्ये तपासणी करताना लक्षात आलं की काही पिंपं रिकामी आहेत आणि काहींत पाणी भरलंय. चोरांनी सुमारे 3,000 टन सिरप लांबवलं होतं, किंमत 1 कोटी 80 लाख कॅनेडियन डॉलरच्या घरात.

त्याच्या दोन शतकं आधी मेपलकडे काही लोक मोठ्या आशेनं पाहत होते. उसाची साखर कॅरिबियन बेटांवर गुलामांच्या श्रमातून यायची. फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश आणि त्यांच्यासारख्या गुलामगिरीविरोधकांना वाटलं की मेपलची साखर तिची जागा घेईल, आणि ती बनवायला कुणाच्या पाठीवर चाबूक लागणार नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन 1791 मध्ये व्हरमाँटला जाऊन आले आणि त्यांनी व्हर्जिनियातल्या आपल्या मळ्यासाठी 60 साखरी मेपल मागवले. राई काही उभी राहिली नाही. मेपलला लागणारी ती कडक रात्र आणि मऊ दुपार दक्षिणेत मिळत नाही. आणि जेफरसन स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते, हेही त्याच मळ्याच्या इतिहासात लिहिलेलं आहे.

बर्फावरची मेजवानी

पहिली खेप झाली की थोडं सिरप बाजूला काढा आणि पुन्हा उकळा, या वेळी 112 अंशांपर्यंत. बाहेरून स्वच्छ बर्फ ताटलीत दाबून भरा आणि त्यावर हा पाक बारीक धारेनं ओता. तो क्षणात चिवट होतो. काट्याला किंवा काडीला गुंडाळून थेट तोंडात. क्विबेकमध्ये पोरंटोरं आणि आजोबा एकाच फळीभोवती उभे राहून हे खातात. व्हरमाँटमध्ये त्याच्यासोबत दोन गोष्टी हव्यातच: साधा डोनट आणि काकडीचं आंबट लोणचं. चार घास गोड खाल्लं की तोंडाला मिठी बसते, मग लोणच्याचा एक करकरीत तुकडा चावायचा, आणि परत बर्फाकडे वळायचं.